‘वन’ : एका जपानी दृश्यकादंबरीची ओळख

पुस्तक वाचणे आणि खेळ खेळणे या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत, अशी आपल्या घराघरांतून समजूत आहे. मूल पुस्तक घेऊन बसले तर त्याला कामास हाक मारावयाची आई थांबते. तेच मूल संगणकापुढे बसले तर ‘आता पुरे’ असा आवाज आतून येतो. ही समजूत पुष्कळ वेळा योग्यच ठरते. तथापि, जगात असा एक वाङ्मयप्रकार रूढ झाला आहे की, त्यास वाचन म्हणावे की खेळ, हे ठरविणे कठीण जावे. जपानात जन्मलेल्या या प्रकारास ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ म्हणतात. आपण त्यास ‘दृश्यकादंबरी’ म्हणू. आमच्या शाळेतील काही विद्यार्थी या प्रकाराविषयी उत्सुकतेने बोलतात, आणि त्यांचे पालक त्याविषयी साशंकतेने विचारतात. त्या दोघांनाही उपयोगी पडावे म्हणून, या प्रकारातील एका गाजलेल्या कृतीची ओळख येथे करून देत आहे. कृतीचे नाव ‘वन’. ती प्रथम १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि पंचवीस वर्षांनी, २०२३ च्या डिसेंबरात, नव्या रूपाने पुन्हा अवतरली.

प्रथम हा प्रकार कसा असतो ते पाहू. पडद्यावर एखाद्या जागेचे चित्र असते : वर्ग, गच्ची, पावसात भिजणारा रस्ता. त्यावर बोलणाऱ्या पात्राचे चित्र उभे राहते. खाली एका चौकटीत मजकूर उमटतो. कळ दाबली की पुढचे वाक्य येते. पार्श्वभूमीस संगीत असते. म्हणजे वाचकाचा नऊ दशांश वेळ निव्वळ वाचनातच जातो, असे म्हणावयास हरकत नाही. फरक एवढाच की, मधूनमधून कथा थांबते आणि नायकाने आता काय करावे, असा प्रश्न वाचकासच विचारते. वाट पाहत थांबावे, की घरी जावे? खरे सांगावे, की थट्टेवारी न्यावे? वाचक जे निवडील त्याप्रमाणे कथा वळण घेते.

चित्र दाखवीत गोष्ट सांगण्याची ही तऱ्हा अगदीच नवी नव्हे. जपानात सुमारे १९३० पासून ‘कामिशिबाई’, म्हणजे कागदी नाट्य, अतिशय लोकप्रिय होते. सायकलवर लाकडी चौकट बांधून कथेकरी गल्लीत येई, मुलांना मिठाई विकी आणि चौकटीतील चित्रे एकामागून एक सरकवीत गोष्ट सांगे. १९५३ साली जपानात दूरचित्रवाणी सुरू झाली व पुढे हा व्यवसाय मावळत गेला. आम्हां गोमंतकीयांना तर याचा दाखला फार दूर शोधावयास नको. आमच्या सीमेपलीकडे कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावी ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथीच्या पोथ्या पिढ्यान्पिढ्या सांभाळून आहेत. रंगविलेले एकेक पान श्रोत्यांसमोर धरावयाचे आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान लावावयाचे, ही त्यांची रीत. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्र, शब्द आणि नाद या तिहींचा मेळ पिंगुळीसही आहे आणि दृश्यकादंबरीतही आहे. नवीन आहे ते वाचकाच्या हाती दिलेले वळण.

या प्रकाराचा आधुनिक इतिहास थोडक्यात असा. १९९२ साली चुनसॉफ्ट या जपानी संस्थेने ‘ओतोगिरिसो’ नावाची एक भयकथा खेळयंत्रासाठी प्रसिद्ध केली. तीत ध्वनीचा उपयोग फार परिणामकारक होता, म्हणून त्या संस्थेने आपल्या कृतींस ‘साउंड नॉव्हेल’, म्हणजे नादकादंबरी, असे नाव दिले. पुढे १९९६ साली लीफ नावाच्या दुसऱ्या संस्थेने ‘शिझुकू’ ही कृती काढली आणि आपल्या मालिकेस ‘व्हिज्युअल नॉव्हेल’ असे नाव ठेवले. तेच नाव पुढे सर्व प्रकारास चिकटले.

आता वळणांचे गणित पाहू, कारण त्यात एक मौजेची अडचण आहे. प्रत्येक वळणावर दोन पर्याय आहेत असे समजा. एक वळण असेल तर कथा दोन होतात. दोन असतील तर चार. तीन असतील तर आठ. अशी दहा वळणे ठेवली तर १,०२४ निरनिराळ्या कथा लिहाव्या लागतील! कोणता लेखक हे करील? म्हणून युक्ती अशी काढली गेली की, बहुतेक फाटे थोडे चालून पुन्हा मुख्य रस्त्यास मिळतात. मात्र कोणत्या फाट्याने वाचक आला याची एक खूण संगणक आपल्याजवळ ठेवतो. अमुक मुलीशी वाचक दोनदा सौजन्याने वागला, तमुक वेळी त्याने शब्द पाळला नाही, अशा खुणांची जणू एक वहीच असते. बऱ्याच पानांनंतर संगणक ती वही उघडतो आणि तिच्यातील नोंदींप्रमाणे कथेचा शेवट ठरतो. वाचक आपले लहानसे वागणे विसरून गेलेला असतो. यंत्र मात्र विसरलेले नसते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आपण ज्या कृतीकडे वळत आहोत तिचा विषयच मुळी स्मरण आणि विस्मरण हा आहे.

‘वन’ ही कृती जपानातील नेक्स्टन या कंपनीच्या ‘टॅक्टिक्स’ या नाममुद्रेखाली १९९८ च्या मे महिन्यात निघाली. तिच्या पूर्ण नावाचा अर्थ ‘वन : तेजस्वी ऋतूकडे’ असा होतो. लेखन मुख्यतः जुन माएदा आणि नाओकी हिसाया या दोघांचे. चित्रे इतारू हिनोउए यांची. हीच मंडळी पुढे ती संस्था सोडून गेली व त्यांनी ‘की’ या नावाने नवी नाममुद्रा उभी केली. तिची १९९९ सालची ‘कानोन’, २००० सालची ‘एअर’ आणि २००४ सालची ‘क्लॅनाड’ या कृतींनी जपानबाहेरही कीर्ती मिळविली. त्या सर्वांचे बीज ‘वन’मध्ये आहे, असे जाणकार मानतात.

कथेचा नायक कोहेई ओरिहारा हा शाळकरी मुलगा आपल्या मावशीच्या घरी राहतो. मावशी नोकरीत इतकी गुंतलेली की दोघांची गाठ क्वचितच पडावी. रोज सकाळी मिझुका नागामोरी ही त्याची बालमैत्रीण त्याला उठवावयास येते. कोहेई मोठा खट्याळ. उठावयाचे सोडून तो रोज काहीतरी विलक्षण सोंग काढतो, भलत्याच जागी लपून बसतो, आणि मग दोघेही घंटा चुकू नये म्हणून धावत सुटतात. एका सकाळी अशाच धावपळीत वळणावर त्याची एका अनोळखी मुलीशी टक्कर होते. ती नेमकी त्याच्याच वर्गात नव्याने येणारी रुमी नानासे निघते. रुमीला नाजूक, शालीन युवती व्हावयाचे आहे, पण तिचा तापट स्वभाव तिला घडोघडी दगा देतो. त्यातच मायु नावाची एक अगदी बालिश मुलगी कोठूनशी वर्गात येऊन बसते आणि रुमीच्या वेण्या ओढू लागते. वाचक हसत राहतो. अर्धी अधिक कथा अशीच विनोदात व थट्टामस्करीत जाते, आणि ही एक हलकीफुलकी प्रेमकथा आहे, याविषयी त्याला शंका उरत नाही.

शाळेत आणखी काही मुली आहेत. मिसाकी कावाना ही वरच्या वर्गातील विद्यार्थिनी अंध आहे. शाळेची वास्तू तिच्या पावलांच्या ओळखीची असल्यामुळे ती तेथे निःशंक वावरते आणि भोजनगृहात इतके जेवते की, पाहणाऱ्याने थक्क व्हावे. पण शाळेबाहेरच्या जगाची तिला भीती वाटते. गच्चीवर कोहेई तिला प्रथम भेटतो तेव्हा ती त्याला, आजचा सूर्यास्त कसा आहे, असे विचारते. मिओ कोझुकी हिला वाचा नाही. ती चित्रवहीवर अक्षरे लिहून बोलते, आणि असे असूनही शाळेच्या नाट्यमंडळात हौसेने भाग घेते. आकाने सातोमुरा ही मितभाषी मुलगी पाऊस पडू लागला की, एका ओसाड जागेवर गुलाबी छत्री घेऊन एकटीच उभी राहते. कोणाची वाट पाहतेस, असे विचारले तर ती धड उत्तर देत नाही.

कोणाच्या मैत्रीकडे कथा वळावी हे वाचकाच्या निवडींवर ठरते. परंतु वाट कोणतीही धरली तरी मधूनमधून एक चमत्कारिक प्रकार घडतो. विनोदी प्रसंग संपतो आणि अकस्मात अशी काही पाने येतात की, त्यांतील स्वर निराळा, भाषा निराळी आणि जागाही निराळी. तेथे आकाश आहे, ढग आहेत, अंतहीन शांतता आहे आणि एका लहान मुलीशी चाललेले संथ संभाषण आहे. त्याचा शाळेशी काय संबंध, हे कोणी सांगत नाही. पुढच्या पानावर पुन्हा सकाळ होते आणि मिझुका पडदे सारीत असते. नवखा वाचक हे एखादे स्वप्न असावे असे समजून पुढे जातो. अद्भुताचा धागा येथे असा उघड्यावर ठेवूनच लपविला आहे.

नंतर लहान लहान गोष्टी चुकू लागतात. रोज बोलणारा ओळखीचा विद्यार्थी कोहेईकडे परक्यासारखा पाहतो. वर्गात त्याच्या असण्याची कोणी दखल घेत नाही. शेवटी घरच्या मावशीलाही हा मुलगा कोण, हे उमगत नाही. कोहेई आजारी नाही आणि कोठे गेलेलाही नाही; जगाच्या स्मरणातून तो पुसला जात आहे. ज्या एका मुलीशी त्याचे मन खऱ्या अर्थाने जुळले तिलाच तो आठवतो, आणि तिच्या देखत एके दिवशी तो नाहीसा होतो.

याचे कारण बालपणात आहे. कोहेईला मिसाओ नावाची धाकटी बहीण होती. ती दीर्घकाळ रुग्णालयात होती व तेथेच वारली. जे जे आवडते ते ते संपते, हे त्या लहान मुलाला सहन झाले नाही. जेथे काहीच संपत नाही अशी जागा असावी, अशी त्याने आर्त इच्छा केली, आणि ती इच्छा एका वचनाच्या रूपाने बांधली गेली. त्यातून ‘शाश्वत जग’ निर्माण झाले. आपण वाचलेली ती ढगांची पाने त्या जगातील होती. पुढे कोहेई मोठा झाला, हसू लागला, खोड्या करू लागला. पण ते वचन आपली मुदत भरण्याची वाट पाहत होते.

आता आकानेची गुलाबी छत्री आठवावी. तिच्याही जीवनातून तिचा एक बालमित्र असाच नाहीसा झाला होता आणि तो होता हे तिच्यावाचून कोणासही आठवत नव्हते. आपण त्या मुलीस विक्षिप्त समजत होतो. ती मात्र साऱ्या गावात एकटीच खरे जाणत होती. पहिल्या वाचनात जे केवळ खिन्न चित्र वाटले तेच दुसऱ्या वाचनात कथेचे गुपित सांगणारी खूण ठरते. कथेचे गुपित येथे फोडले म्हणून कोणी रागावू नये. शाकुंतलातील अंगठी सापडणार हे ठाऊक असूनही लोक ते नाटक शतकानुशतके पाहत आले आहेत.

शाकुंतलाचा उल्लेख मुद्दामच केला. कालिदासाच्या नाटकाचा प्रारंभही हसतखेळत होतो : आश्रमातील सख्यांची थट्टा, विदूषकाची कुरकूर, राजाची प्रेमविव्हलता. मग चौथ्या अंकाच्या आरंभी दुर्वासाचा शाप होतो. तो सख्यांच्या कानी पडतो, पण स्वतः शकुंतलेला त्याचा पत्ता नसतो. पुढे दुष्यंताच्या मनातून ती पुसली जाते. विनोदी प्रेमकथेत लपलेले अद्भुत आणि त्यातून येणारे विस्मरण ही जोडी अशी फार प्राचीन आहे. मात्र भेद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. शाकुंतलात एक पुरुष एका स्त्रीला विसरतो. ‘वन’मध्ये सारे जग एका मुलाला विसरते. तेथे स्मृती परत आणावयास अंगठी आहे. येथे कोणतीही खूण उपयोगी पडत नाही, केवळ एकाच मनाची आठवण पुरावी लागते. आणि तेथे प्रेक्षकाला शाप ठाऊक असतो, येथे वाचकही नायकाइतकाच अंधारात असतो.

काळाच्या बाहेर जाऊन परत येणाऱ्यांच्या कथाही दोन्ही देशांत आहेत. जपानी लोककथेतील उराशिमा तारो हा कोळी एका कासवाचे प्राण वाचवितो, समुद्रतळीच्या राजवाड्यात काही दिवस राहतो आणि परततो तो गावात त्याला ओळखणारे कोणीच उरलेले नसते. आपल्या पुराणांतील ककुद्मी राजा कन्या रेवतीसाठी वर विचारावयास ब्रह्मलोकी गेला; तेथे गायन ऐकण्यात क्षणभर थांबला, तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटली. परतून त्याने रेवती बलरामास दिली. या दोन्ही कथांत बाहेर गेलेल्यासाठी कोणी थांबून राहत नाही. ‘वन’मध्ये कोणीतरी थांबते, आणि तेच परतीचे कारण ठरते. ज्या वाटेवर वाचकाने मैत्री मनापासून जोपासली असेल तेथे सुमारे एक वर्षाने कोहेई परत येतो. ज्या वाटेवर ती उथळ राहिली तेथे तो येत नाही. शाश्वत जगात काही संपत नाही हे खरे; पण तेथे काही सुरूही होत नाही. हे कळल्यावर संपणाऱ्या गोष्टींचे जग त्याला प्रिय वाटू लागते.

मग जी कृती पूर्ण होती ती पुन्हा करावयाचे कारण काय? पहिले कारण अगदी व्यावहारिक आहे. छापील पुस्तक पन्नास वर्षांनीही उघडता येते; संगणकावरील कृती मात्र तिचे यंत्र गेले की मुकी होते. त्या काळी अशा कृती ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या पडद्यासाठी काढीत, म्हणजे एकूण ३,०७,२०० ठिपके. आजचा सामान्य पडदा १,९२० बाय १,०८० ठिपक्यांचा, म्हणजे २०,७३,६०० ठिपक्यांचा असतो : बरोबर पावणेसातपट. जुने चित्र तेवढे ताणले तर ते विरते. म्हणून २०२३ च्या आवृत्तीत चित्रे नव्याने काढली गेली आणि पात्रांना आवाज मिळाले.

दुसरे कारण पालकांनी विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. १९९८ ची मूळ आवृत्ती प्रौढ ग्राहकांसाठी विकली गेली होती आणि तीत मुलांनी वाचू नये असा काही भाग होता. त्या काळच्या बाजारात अशा कृती तशाच विकल्या जात. १९९९ साली ‘कागायाकु किसेत्सु ए’ या नावाने प्लेस्टेशन यंत्रासाठी आवृत्ती निघाली तेव्हा तो भाग गळला. आणि गळल्याने कथेचे काहीच बिघडले नाही. जे वगळून चालते ते कथेचे अंग नव्हतेच, असा याचा अर्थ. तेव्हा ‘दृश्यकादंबरी’ असे नाव दिसले की सारे सारखेच, असे समजू नये. कोणती आवृत्ती, कोणत्या वयासाठी, हे वेष्टनावर वा विक्रीच्या पानावर पाहूनच ती घरात यावी. मुलांनीही यात आडपडदा ठेवू नये.

तिसरे कारण वाङ्मयीन आहे. जुनी कथा नव्याने सांगणे म्हणजे कल्पनेचे दारिद्र्य, असे काहींना वाटते. पण महाभारतातील शकुंतलेच्या आख्यानात शापही नाही आणि अंगठीही नाही. तेथे दुष्यंताला सारे आठवत असते, लोकापवादाच्या भीतीने तो तिला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर स्वीकारतो. कालिदासाने त्या सरळ कथेत विस्मरणाचे अद्भुत घातले आणि तिचा अर्थच पालटला. पुढे १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी तीच कथा मराठी पदांत बांधून ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. पुन्हा सांगणाऱ्याने काय ठेवले व काय बदलले, हे पाहण्यातच रसिकतेची कसोटी आहे. ‘वन’च्या बाबतीत कथेचा सांगाडा तोच राहिला : थट्टेचे दिवस, ढगांची पाने, नाहीसे होणे आणि परतणे. चित्रशैली मात्र बदलली. जुन्या चित्रांतील मोठ्या डोळ्यांच्या, काहीशा ओबडधोबड मुलींवर ज्यांचा जीव जडला होता त्यांना नवी चित्रे परकी वाटणे साहजिक आहे. विसरल्या जाणाऱ्या मुलाची ही कथा तिच्या नव्या रूपामुळे स्वतः विसरली जाण्यापासून वाचली, हा लाभ मला त्या हानीपेक्षा मोठा वाटतो.

या कृतीत दोष नाहीत असे नव्हे. मुलींच्या वाट्यास वाट पाहण्याचे काम फार आले आहे. त्यांच्या त्या वर्षाचे वर्णन व्हावे तितके होत नाही. अंध आणि मूक मुली वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी योजल्या आहेत काय, असाही आक्षेप घेता येईल. त्यावर एवढेच म्हणता येते की, मिसाकी कोठेही कीव मागत नाही. ती जेवते, हसते, थट्टा करते आणि भीती वाटत असताही अखेर शाळेच्या फाटकाबाहेर पाऊल टाकते. मिओचे मौनही तिला रंगमंचापासून दूर ठेवू शकत नाही.

शिक्षकाच्या दृष्टीने मला या कथेतील एक गोष्ट फार लागली, ती सांगतो. वर्गातून विसरले जाणे ही निव्वळ अद्भुत कल्पना नाही. आमच्या गावांतून दरवर्षी काही मुले मध्येच शाळा सोडून जातात. कोणाच्या वडिलांना आखाती देशांत नोकरी लागते, कोणाचे घरचे विलायतेस जातात, कोणाला शिकणे परवडेनासे होते. हजेरीपटावरील नावावर तांबडी रेघ येते. पहिला आठवडा मुले त्या बाकाकडे पाहतात. दुसऱ्या महिन्यात तेथे दुसरा कोणी बसतो. वर्षअखेर जुन्या छायाचित्रावर बोट ठेवून ‘हा कोण?’ असे विचारले तर दोनतीन जणांनाच नाव आठवते. येथे शाप नाही, शाश्वत जग नाही. फक्त आपले सर्वांचे नेहमीचे वागणे आहे. ‘वन’चा लेखक अद्भुताचा आश्रय घेतो तो हे नेहमीचे आपल्या दृष्टीस पडावे म्हणून. आणि दूर गेलेल्या मुलाला एक जरी पत्र लिहिणारा वर्गबंधू उरला, तर तो मुलगा या शाळेचाच राहतो, हेही मी पाहिले आहे.

आता आरंभीच्या विनोदाचे प्रयोजनही कळेल. मिझुकाचे रोजचे उठविणे, ती धावपळ, ती वेण्या ओढणे हे सारे लेखकाने इतके लांबविले नसते, तर ते नाहीसे होताना वाचकाला काहीच गमावल्यासारखे वाटले नसते. जे प्रसंग वाचताना क्षुल्लक वाटतात तेच पुढे कथेचा सर्व भार वाहतात. म्हणून अशी कृती वाचणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, कळ भराभर दाबून शेवट गाठण्याची घाई करू नये. पानेच्या पाने उलटून कादंबरीचे शेवटचे पान वाचणाऱ्यासारखीच ती चूक होय. दुसरी, शेवट मनासारखा झाला नाही की, मागे जाऊन निवड बदलण्याची सोय या प्रकारात असते. तिचा उपयोग अवश्य करावा. पण त्याआधी थोडे थांबून, कोणत्या लहानशा वागण्याने हा शेवट ओढवला, ते स्वतःशी शोधून पाहावे. ते शोधण्यातच या वाचनाचे खरे शिक्षण आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी असे काही वाचीत असेल तर, काय खेळतोस, असे न विचारता, कथा कोठवर आली, असे विचारून पाहावे. उत्तर एका शब्दात आले तर ते सोडून द्यावे. ते लांबत गेले, पात्रांची नावे येऊ लागली आणि ‘ती अजून वाट पाहत उभी आहे’ असे काही कानी पडले, तर मूल वाचनच करीत आहे असे खुशाल समजावे.